माहूरच्या डोंगरात उन्हाळी सायकल: समजुती आणि वस्तुस्थिती

उन्हाळा लागल्यावर माहूरला सायकली घेऊन जाऊ, लेकरांनाही नेऊ, असं कुणी म्हटलं की घरात लगेच दोन पक्ष पडतात. एकाच्या मते होळीनंतर मराठवाड्यात सायकल हातात धरणं हाच वेडेपणा. दुसऱ्याच्या मते तिथे जंगल आहे, खाली पैनगंगा आहे, चालवताना वारा लागतो, मग ऊन कसलं लागतंय? मला दोन्ही मतं चुकीची वाटतात, पण काळजी दुसऱ्याची जास्त वाटते. भीतीपोटी माणूस फार तर घरी राहतो. खोट्या भरवशावर तो नऊ वर्षांच्या पोराला घेऊन भर दुपारी उघड्या माळावर अडकतो.

आधी जागा कशी आहे ते पाहू. रेणुकामाता, दत्तशिखर आणि अनसूया शिखर अशी तीन ठाणी, रामगड किल्ला, गावाजवळची पांडवलेणी आणि तीन बाजूंनी वळसा घालून जाणारी पैनगंगा. डोंगर बेसाल्टचा, वर मुरमाड माळ आणि उतारावर सागवान. राखी पौर्णिमेला इथे परिक्रमा यात्रा निघते आणि हजारो पावलं डोंगराभोवती चालतात. पायवाटा, बैलगाडीच्या चाकोऱ्या आणि वनखात्याचे कच्चे रस्ते, म्हणजे डोंगरी सायकलीला लागतं ते सगळं इथे पिढ्यान् पिढ्या आहे. मार्चच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत या वाटा कोरड्या आणि टणक असतात. पावसाळ्यात हिरवाई असते हे खरं, पण तेव्हा शेतवाटेवरची काळी माती चाकाला अशी चिकटते की सायकल उचलून न्यावी लागते. त्यामुळे ‘उन्हाळ्यात नकोच’ हे सरसकट मत मला मान्य नाही. प्रश्न महिन्यापेक्षा तासांचा आहे.

‘जंगल आहे, सावली मिळेल’

हा सर्वांत महागात पडणारा समज आहे. माहूर-किनवटचं जंगल शुष्क पानझडी आहे आणि त्यात साग मोठ्या प्रमाणात आहे. साग उन्हाळ्याच्या तोंडावर पानं गाळतो, आणि कोरड्या भागात त्याला नवी पालवी पावसाच्या सुमारास फुटते. मार्च-एप्रिलमध्ये सागवनातून जाताना डोक्यावर नुसत्या काड्या असतात. फुललेला पळस डोळ्यांना सुखावतो, पण तेव्हा त्यालाही पानं नसतात. सावली हवी तर झाडं ओळखावी लागतात. वड, उंबर आणि एप्रिलमध्ये नवी पानं आलेला करंज. मोहालाही फुलांमागून पालवी येते. थांबे अशा झाडांच्या हिशेबाने ठरवावेत.

गळलेल्या पानांचा दुसरा त्रासही आहे. सागाचं पान हातभर लांब, वाळलं की खरखरीत. त्याचा थर वाटेवर साचला की खालचे दगड, मुळं, घळी दिसत नाहीत आणि टायर पानावरच घसरतो. अशा जागी वेग आधीच कमी करून सरळ जावं, थरावर वळू नये.

नदीचं तेच. उन्हाळ्यात ओढे आटतात आणि पैनगंगेत ठिकठिकाणी डोह उरतात. सहस्रकुंडचा धबधबा पावसाळ्याचा; एप्रिलमध्ये तिथे पाण्यापेक्षा खडकच जास्त दिसतो. डोहाचं पाणी न उकळता पिऊ नये, आणि संध्याकाळी डोहाकाठी बसूही नये, कारण त्या वेळी ते पाणी जनावरांचं असतं.

‘वारा लागतो म्हणून ऊन लागत नाही’

आपल्या त्वचेचं तापमान साधारण 35 अंश असतं. हवा त्याहून थंड असेल तोवर वारा अंगातली उष्णता घेऊन जातो. हवा 40 अंशांवर गेली की तोच वारा उष्णता आणून देतो, आणि शरीराला थंड ठेवण्याचं सगळं काम एकट्या घामावर येतं. मराठवाड्याची उन्हाळी हवा इतकी कोरडी की घाम आल्याबरोबर वाळतो. सदरा कोरडा दिसतो आणि माणूस म्हणतो, मला तर घामच आला नाही. सदऱ्यावर मिठाचे पांढरे डाग उमटले की समजावं, पाणी बरंच गेलं आहे. चढावर वेग मंदावतो, वारा थांबतो, मेहनत मात्र वाढते. त्रास बहुतेकदा तिथेच सुरू होतो.

‘लेकरं दिवसभर उन्हात खेळतात, त्यांना काही होत नाही’ असं आपण सहज म्हणतो. मुलाच्या वजनाच्या मानाने त्याच्या कातडीचं क्षेत्रफळ मोठ्या माणसापेक्षा जास्त असतं, म्हणून हवा त्वचेहून गरम झाली की उष्णताही त्याच्या अंगात लवकर शिरते. खेळताना दमलेलं मूल आपणहून सावलीत येऊन बसतं. सायकलवर मात्र ते आई-बाबांच्या मागे राहू नये म्हणून रेटत राहतं. मागच्या सीटवर बसवलेल्या लहान मुलाकडे तर चालवणाऱ्याची पाठच असते. म्हणून पंधरा-वीस मिनिटांनी थांबून मुलाचा चेहरा बघणं आणि दोन-चार घोट पाणी देणं हा नियमच करावा. मोठ्या माणसाला तासाला अर्धा ते पाऊण लिटर लागतं. नुसतं पाणी ढोसण्यापेक्षा मध्ये मीठ घातलेलं ताक किंवा कैरीचं पन्हं घ्यावं, कारण घामातून मीठही जातं.

खिशातल्या कांद्याबद्दल स्पष्टच लिहितो. कांदा जेवणात जरूर खावा, पण खिशात ठेवल्याने शरीराचं तापमान तसूभरही उतरत नाही. ‘उन्हातून आल्यावर लगेच पाणी पिऊ नये’ हाही समज सोडायला हवा. तहानलेल्या माणसाला पाणी नाकारण्यात नुकसानच आहे. घोटघोट प्यावं, पण प्यावं.

उष्माघातात अंग कोरडं पडतं असं म्हणतात. मेहनत करताना झालेल्या उष्माघातात अंग घामाने ओलंही असू शकतं. खरी खूण डोक्याची आहे. माणूस बरळतो, चिडतो, तोल जातो, ओकारी होते. अशा वेळी सावलीत आडवं करून आधी अंगभर पाणी ओतावं, वारा घालावा आणि 108 ला फोन करावा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नये.

आता घड्याळ. बाराला ऊन डोक्यावर, तीननंतर उतरतं, असं आपण धरून चालतो. सूर्य उतरतो हे खरं, पण हवेचं तापमान साधारण दुपारी अडीच ते चारच्या दरम्यान सर्वाधिक असतं आणि तापलेला काळा खडक त्यानंतरही धग सोडत राहतो. तीननंतर लगेच निघालेली सायकल दिवसातल्या सर्वांत गरम हवेतूनच जाते. एप्रिलच्या मध्यात इथे सहाच्या सुमारास उजाडतं. सव्वासहाला निघून साडेआठ-नऊला परत, एवढाच अवधी कुटुंबासाठी खरा.

‘सायकल मुकी, तिचा जंगलाला त्रास नाही’

मग अंधारातच निघावं का? तर नाही. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुलं पहाटे गळतात आणि ती वेचायला गोंड, कोलाम, आंध वस्त्यांमधल्या बायामुली टोपल्या घेऊन झाडाखाली आलेल्या असतात. अस्वलालाही मोहफूल फार आवडतं. सायकल आवाज न करता, पायी माणसाच्या कितीतरी पट वेगाने वळणावरून पुढे येते. अस्वल दचकतं ते अशाच वेळी, आणि दचकलेलं अस्वल हल्ला करतं. म्हणून पूर्ण उजेड झाल्यावरच निघावं, वळणावर घंटी वाजवावी, बोलत जावं, आणि मुलांना मोठ्यांच्या मधोमध ठेवावं. मोह वेचणाऱ्यांजवळ तर उतरूनच जावं. त्या फुलांवर त्यांच्या घरचे दोन पैसे अवलंबून असतात.

‘इकडे आता वाघबिघ कुठे’ असंही ऐकू येतं. यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यात जन्मलेला, रेडिओ कॉलर लावलेला एक वाघ 2019 च्या जूनमध्ये निघाला आणि विदर्भ, मराठवाडा, तेलंगणा असा फिरत सुमारे 1,300 किलोमीटर चालून डिसेंबरात बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. लोकांनी त्याला ‘वॉकर’ म्हटलं. आपल्याला रिकामी वाटणारी रानं त्याच्या वाटेवर होती. बिबट्या तर या डोंगरात आहेच.

परवानगीबाबतही गैरसमज आहे. पेट्रोल लागत नाही म्हणजे सायकल कुठेही चालते, असं नाही. यवतमाळ आणि नांदेड जिल्ह्यांत पैनगंगा अभयारण्य पसरलेलं आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 च्या कलम 27 नुसार अभयारण्यात परवान्याशिवाय प्रवेश नाही. त्यातून जाणाऱ्या सार्वजनिक हमरस्त्यावरून जाता येतं, आत वळता येत नाही. अभयारण्याबाहेरचं बरंच रानही राखीव वन आहे. आदल्या दिवशी वनपरिक्षेत्र कार्यालयात जाऊन कोणती वाट खुली आहे ते विचारावं. तिथल्या वनरक्षकाइतकी वाटेची ताजी माहिती कोणत्याही नकाशात नसते. वाळलेल्या पानांच्या दिवसांत चहासाठी तीन दगडांची चूलसुद्धा मांडू नये. धूर दिसला तर वनखात्याचा 1926 हा क्रमांक आहे.

‘पुढचा ब्रेक लावू नको, तोंडावर पडशील’

आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक मूल हे वाक्य ऐकत सायकल शिकतं. प्रेमापोटी दिलेला हा सल्ला उतारावर घातक ठरतो. ब्रेक लागला की वजन पुढच्या चाकावर येतं, मागचं चाक हलकं होतं आणि घसरायला लागतं. म्हणजे थांबवण्याची खरी ताकद पुढच्या चाकात असते. सपाट, चांगल्या रस्त्यावरसुद्धा फक्त मागच्या ब्रेकने थांबायला दोन्ही ब्रेकांच्या साधारण दुप्पट अंतर लागतं. दत्तशिखराच्या घाटउतारावर ते त्याहून वाढतं.

मुलं तोंडावर पडतात ती पुढचा ब्रेक एकदम करकचून दाबल्यामुळे, किंवा वळताना दाबल्यामुळे. शिकवायचं ते असं: वळणाच्या आधी, चाक सरळ असताना दोन्ही ब्रेक हळूहळू दाबायचे, बूड सीटवरून किंचित उचलून मागे न्यायचं, कोपरं आणि गुडघे सैल ठेवायचे. मुरमाच्या सैल थरावर पुढचा ब्रेक आणखी अलगद. हे डोंगरात शिकवू नये. घरासमोरच्या मैदानात शिकवावं आणि मुलाच्या हाताला सवय झाली की मगच माहूर गाठावं. मुलाच्या बोटांना ब्रेकची मूठ नीट पोचते का, हे कुणी तपासत नाही. त्या मुठीला एक छोटा स्क्रू असतो, तो आवळला की मूठ दांड्याजवळ येते.

‘उन्हाने टायर फुटतो’ यातही थोडंच खरं आहे. 30 पीएसआय हवा भरलेला टायर 25 अंशांवरून 45 अंशांवर गेला तर दाब जेमतेम तीनेक पीएसआय वाढतो. त्याने चांगला टायर फुटत नाही. जुनं, तडे गेलेलं रबर फुटतं. खरा धोका रिमब्रेकच्या सायकलीने लांब उतारावर ब्रेक सतत घासत आणण्यात आहे, कारण तेव्हा रिम फार तापते. मध्ये थांबून तिला गार होऊ द्यावं. ठणठणीत हवा भरण्याची सवयही इथे नको. डोंगरी सायकलीच्या रुंद टायरला मोठ्या माणसासाठी 30 च्या आसपास आणि मुलांसाठी 20 ते 25 पीएसआय पुरतात; टायर जरा नरम असला की मुरूम पकडतो. बाभळी-बोरीचा काटा रुतला तर नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून जपून बोट फिरवावं, नाहीतर राहिलेलं टोक दुसऱ्या ट्यूबलाही भोक पाडतं.

महागड्या सायकलीशिवाय हे जमत नाही, असं समजणाऱ्यांनी या खेळाची सुरुवात पाहावी. 1970 च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मारिन परगण्यात काही तरुण जाड टायरच्या जुनाट सायकली डोंगरावरून खाली आणत. 1976 मध्ये तिथे सुरू झालेल्या शर्यतीचं नाव ‘रीपॅक’ पडलं, कारण एका उतारात मागच्या ब्रेकमधलं ग्रीस जळून जाई आणि ते पुन्हा भरावं लागे. वीस वर्षांनी, 1996 मध्ये, अटलांटात हा खेळ ऑलिंपिकमध्ये आला. तुमच्याकडे दोन चांगले ब्रेक, चढासाठी हलका गिअर आणि प्रत्येकाच्या डोक्याला घट्ट बसणारं हेल्मेट असलं की पुरे. दोन्हीकडे स्वस्त स्प्रिंगा असलेली मुलांची सायकल टाळावी. त्या स्प्रिंगा दणका कमी करत नाहीत, वजन मात्र वाढवतात.

एप्रिलमध्ये अवकाळीचे ढग येतात तेव्हा ‘रबरी टायर आहेत, वीज पडणार नाही’ यावर विसंबू नये. टायरचं रबर विजेला अडवू शकत नाही. गडगडाट ऐकू आला की शिखरावरून आणि माळावरून उतरावं, एकट्या झाडाखाली थांबू नये, शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास पक्क्या इमारतीत बसावं. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं ‘दामिनी’ ॲप फोनवर असावं.

राहिला वाटेचा प्रश्न. बहुतेक कुटुंबं आधी उताराची वाट निवडतात. मुलांना सोपं पडेल, मजा येईल म्हणून गावातून थेट नदीच्या अंगाला उतरतात. सकाळी सातला तो उतार खरंच सुंदर असतो. पण परतीचा चढ नऊनंतर, पाण्याच्या बाटल्या अर्ध्या झालेल्या, डोक्यावर बिनपानांचा साग आणि थकलेलं मूल, असा वाट्याला येतो. म्हणून पहिल्या वेळी गारव्यात चढ असलेली वाट घ्यावी. मंगळवार-शुक्रवारी गडाच्या रस्त्यावर देवीदर्शनाच्या गाड्यांची गर्दी असते, ते वार सोडावेत. सगळ्यांत लहान मुलाने ‘बास’ म्हटलं की, शिखर समोर दिसत असलं तरी, तिथूनच सायकली वळवाव्यात.