शब्द मोजावेत, की अर्थ?

मोरबे धरणातून नवी मुंबईला येणाऱ्या पाण्यावर आपण 300 शब्दांचा लेख लिहिला, असं धरू. त्यात ‘पाणी’ 6 वेळा आलं. 6 भागिले 300, गुणिले 100, म्हणजे 2 टक्के. हीच ‘कीवर्ड डेन्सिटी’.

आता मराठीची गंमत पाहा. ‘पाण्याचा’, ‘पाण्यात’, ‘पाण्याला’ अशी रूपं आणखी 9 वेळा आली आहेत. साध्या मोजणीत ती वेगळे शब्द ठरतात. खरं प्रमाण 5 टक्के! 2 टक्के कमी वाटून आपण आणखी ‘पाणी’ ओतलं, तर लेख वाचवत नाही. शिवाय अशी खोगीरभरती गूगलच्या नियमांत स्पॅम ठरते.

मग योग्य आकडा कोणता? तो नाहीच. करेन स्पार्क जोन्स यांनी 1972 साली दाखवलं, की मोजक्याच मजकुरांत आढळणारा शब्द शोधाला जास्त उपयोगी. म्हणून ‘मोरबे’ लिहावं, ‘जलवाहिनी’ लिहावं. मुख्य शब्द शीर्षकात आणि सुरुवातीला असावा. पुढे विषय नेईल तसा. शेवटी लेख मोठ्याने वाचावा, कान अडखळेल तिथला शब्द काढावा.

आम्ही तत्त्वज्ञानवाले एवढंच म्हणू: कोरडा नळ पाहून शोधायला बसलेल्याला पाणी कधी येणार ते हवं असतं. ‘पाणी’ या शब्दानं तहान भागत नाही.