उपाशी पोटाची साखर

मधुमेह हा खाऊनपिऊन सुखी असणाऱ्यांचा रोग, ही समजूत आपल्या वस्त्यांत अजून पक्की आहे. ती आपण तयार केलेली नाही. वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांतून, दवाखान्यांच्या भिंतींवर लावलेल्या सुटलेल्या पोटांच्या चित्रांतून ती आपल्यापर्यंत आली. बुलडाणा जिल्ह्यात घाटावर चिखली-मेहकरकडे जा, नाहीतर घाटाखाली मलकापूर-संग्रामपूरकडे, अंगावर मूठभर मांस नसलेली कापूसवेचणीची बाई सरकारी दवाखान्यातून ‘शुगर’चा कागद घेऊन येते आणि विचारते, “मी तं जन्मात गोडधोड खाल्लं नाही, मंग हे साखर आली कुठून?” या प्रश्नाला उत्तर आहे. ते शोधायला वैद्यकाला फार उशीर लागला, आणि तो का लागला हाही आपल्या विचाराचा विषय आहे. मी डॉक्टर नाही, महाविद्यालयात शिकवतो. त्यामुळे औषध सांगण्याचा अधिकार मी घेत नाही. संशोधन कोणाच्या शरीरावर झाले, त्यातून काय निघाले आणि ते आपल्याला कितपत लागू पडते, एवढेच मांडतो.

खरे तर आपल्या चळवळीला हा रोग अनोळखी असायला नको. बाबासाहेबांना मधुमेह होता. १९४८ साली राज्यघटनेच्या मसुद्याचे काम चालू असताना मधुमेह आणि पायांतील मज्जातंतूंच्या वेदना यांनी ते हैराण होते, मुंबईत डॉ. मालवणकरांकडे त्यांचे उपचार चालत. त्याच वर्षी १५ एप्रिलला त्यांचा विवाह झाला तो डॉ. शारदा कबीर यांच्याशी. पुढच्या माईसाहेब स्वतः डॉक्टर होत्या. आपण बाबासाहेबांच्या ग्रंथांवर परिसंवाद घेतो, ते योग्यच आहे. पण ते ग्रंथ कोणत्या शारीरिक यातनेत लिहिले गेले याविषयी आपण क्वचितच बोलतो.

आता त्या बाईच्या प्रश्नाकडे. भाकरीची, भाताचीही पोटात साखरच होते. ही साखर रक्तातून पेशींत शिरायला इन्सुलिन लागते आणि ते स्वादुपिंडात तयार होते. ते कमी पडले किंवा शरीर त्याला दाद देईनासे झाले की साखर रक्तातच साचते आणि वर्षानुवर्षे डोळे, मूत्रपिंडे, मज्जातंतू, रक्तवाहिन्या पोखरत राहते. इन्सुलिन १९२१ मध्ये टोरांटोला हाती लागले आणि जानेवारी १९२२ मध्ये चौदा वर्षांच्या एका मुलाला ते प्रथम टोचले गेले. त्याआधी ज्या मुलांच्या शरीरात इन्सुलिन बनत नसे त्यांना मरणच होते. मात्र पुढची अनेक दशके या रोगाचा अभ्यास युरोप-अमेरिकेतल्या पोट भरलेल्या माणसांवर झाला आणि त्यांचे माप जगाचे माप ठरले.

हे माप मोडायला महाराष्ट्रातल्याच खेड्यांनी हातभार लावला. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील स्त्रियांचा गर्भारपणाआधीपासून अभ्यास सुरू केला. जन्मलेल्या बाळांची तुलना इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांशी केली. आपली बाळे सरासरी २.७ किलोंची, तिकडची ३.५ किलोंची. इथवर नवल नव्हते. पण २००३ साली प्रसिद्ध झालेल्या मोजमापांत दिसले की आपल्या बाळांचे स्नायू आणि पोटातील अवयव फार लहान, चरबी मात्र त्या मानाने टिकून राहिलेली. दिसायला काटकुळे, आतून चरबीचे. गर्भात अन्न कमी पडले की शरीर मेंदू आणि चरबी राखते आणि स्नायू, स्वादुपिंड यांवर काटकसर करते, असा याचा अर्थ लावला जातो. पुढे त्या शरीराला थोडे जास्त अन्न आणि थोडे कमी श्रम मिळाले तरी ते साखर पेलू शकत नाही. म्हणून गोऱ्या माणसाला ज्या वजनावर धोका नाही, त्या वजनावर आपल्याला तो असतो.

याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मला अधिक बोलकी वाटते. गरोदरपणी ज्या बायकांवर शेताचे आणि घराचे जड काम जास्त होते, त्यांची बाळे लहान निघाली. ज्यांच्या ताटात हिरवी पालेभाजी, फळे होती, त्यांची मोठी. म्हणजे पाण्याच्या हंड्याचे आणि निंदणीचे ओझे पुढच्या पिढीच्या स्वादुपिंडापर्यंत पोचते. आपण ज्याला शोषण म्हणतो त्याचा हिशेब इथे ग्रॅममध्ये मांडलेला आहे.

हॉलंडमध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मनांनी अन्न रोखल्यामुळे दुष्काळ पडला. त्या वेळी जी मुले आईच्या पोटात होती, त्यांची पन्नाशीत तपासणी केली तेव्हा साखर पचवण्याची त्यांची शक्ती कमी आढळली. १९९८ मध्ये हे प्रसिद्ध झाले. आपल्याकडे १९७२ चा दुष्काळ पडला. खडी फोडणाऱ्या, सुकडी आणि मिलो खाऊन दिवस काढणाऱ्या बायांच्या पोटात जे गर्भ होते ते आज पन्नाशी ओलांडलेले आहेत. विद्यार्थ्यांनी आपापल्या गावात अशा माणसांची यादी करून त्यांची रक्ततपासणी तरी झाली आहे का, हे विचारायला हरकत नाही.

भूक आणि मधुमेह यांचे थेट नातेही आहे. १९५५ मध्ये जमैकात अशा रोग्यांचे वर्णन झाले, जे तरुण, कृश होते आणि ज्यांचा रोग ठरलेल्या कोणत्याच खणात बसत नव्हता. १९८५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ‘कुपोषणाशी निगडित मधुमेह’ असा वेगळा प्रकार मान्य केला आणि १९९९ मध्ये पुरावा अपुरा म्हणून तो यादीतून काढून टाकला. रोगी राहिले, नाव गेले. यादीतून नाव जाणे म्हणजे काय, हे या नियतकालिकाच्या वाचकांना समजावून सांगायला नको. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधील संशोधकांनी अमेरिकेतील सहकाऱ्यांबरोबर अशा कृश रोग्यांची बारकाईने तपासणी केली. २०२२ मध्ये त्यांनी दाखवले की या शरीरांचा इन्सुलिनला विरोध नसतो. इन्सुलिनच फार कमी तयार होते. २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने त्याला ‘टाइप ५’ म्हणून मान्यता दिली. सर्व तज्ज्ञांनी ती स्वीकारलेली नाही. पण हा वाद केवळ नावाचा नाही. अशा रोग्याला लठ्ठ रोग्याच्या हिशेबाने इन्सुलिन टोचले आणि घरात वेळेवर भाकर नसली, तर साखर एकदम उतरून जीव जाऊ शकतो.

आणि ‘श्रीमंतांचा रोग’ हे आता आकड्यांनीही खरे राहिलेले नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीनुसार (२०२३) भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. याच पाहणीच्या २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या भागात चंदीगड, तामिळनाडू आणि महाराष्ट्र यांच्या शहरी भागांत तो श्रीमंतांपेक्षा गरिबांत जास्त आढळला. गाव सोडून पुण्या-मुंबईच्या झोपडपट्टीत गेलेला आपला माणूस याच रांगेत उभा आहे.

उपचाराने खरोखर फरक पडतो का? ब्रिटनमध्ये १९७७ ते १९९७ अशी वीस वर्षे ५१०२ नव्या रोग्यांवर एक मोठी चाचणी चालली. कोणाला कडक उपचार द्यायचे आणि कोणाला नेहमीचे, हे डॉक्टरच्या मर्जीने न ठरवता चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ठरवले. असे केले नाही तर डॉक्टर धडधाकट रोगी आपल्या आवडत्या गटात घालील आणि औषधाला खोटे श्रेय मिळेल. कडक उपचारांच्या गटात डोळे, मूत्रपिंडे यांच्या बारीक रक्तवाहिन्यांचे नुकसान शेकडा २५ ने कमी झाले. रक्तदाब नीट आवळून ठेवलेल्यांत अर्धांगवायूचे प्रमाण शेकडा ४४ ने घटले. चाचणी संपल्यावर दोन्ही गटांची साखर वर्षभरात सारखी झाली, तरी सुरुवातीच्या उपचारांचा लाभ दहा वर्षे टिकलेला दिसला. म्हणून ‘सध्या काही होत नाही’ म्हणून गोळी सोडणे महागात पडते. मेटफॉर्मिन आणि रक्तदाबाच्या जुन्या गोळ्या स्वस्त आहेत, आणि राष्ट्रीय कार्यक्रमाप्रमाणे त्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मिळायला हव्यात. मिळत नसतील तर ते आंदोलनाचे कलम आहे.

दोन गोष्टी खास आपल्यासाठी. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी ‘एचबीएवनसी’ ही तपासणी तांबड्या पेशींना चिकटलेली साखर मोजते आणि तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, असे गृहीत धरते. विदर्भात आदिवासींप्रमाणे बौद्ध समाजातही सिकलसेल आढळतो. सिकलसेलच्या रोग्याची तांबडी पेशी लवकर मरते, त्यामुळे आकडा खोटाच कमी येतो. नुसता वाहक असला तरी हा आकडा फसवू शकतो. अशा घरातल्या माणसाने डॉक्टरला सिकलसेलविषयी आधी सांगावे आणि उपाशीपोटीची व जेवणानंतरची साखर तपासून घ्यावी.

दुसरी गोष्ट पायांची. मज्जातंतू मेले की तळव्याला पऱ्हाटीचा धसकट लागला तरी कळत नाही. जखम चिघळते आणि शेवटी पाय कापावा लागतो. नायलॉनचा एक साधा तंतू तळव्याला टेकवून संवेदना तपासता येते. खर्च जवळजवळ शून्य, तरी गर्दीच्या दवाखान्यात रोग्याला चप्पल काढायला सांगणारा डॉक्टर विरळाच. त्यात मेटफॉर्मिन वर्षानुवर्षे घेतल्याने ब-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकते आणि त्यानेही पाय बधिर होतात. हे जीवनसत्त्व मांस, अंडी, दूध यांतून मिळते. २०१५ पासून महाराष्ट्रात बैलाचे मांसही बंद झाले; गरिबाच्या ताटातले स्वस्त मांस काढून घेताना त्याच्या मज्जातंतूंचा विचार कोणी केला नाही.

९ ऑक्टोबर २०२४ रोजी बुलडाण्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन झाले. आनंदाची गोष्ट आहे. वैद्यकीय महाविद्यालय आले की संशोधनही येते, आणि सरकारी खाटेवर असतात ती आपली माणसे. २००९ मध्ये आंध्रातील खम्मम जिल्ह्यात मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची लस देण्याचा प्रकल्प झाला. त्यांत अनेक आदिवासी मुली होत्या. लस उपयुक्त आहे, तो प्रश्न नव्हता. वसतिगृहांत राहणाऱ्या मुलींच्या संमतिपत्रांवर आईबापांऐवजी वॉर्डनच्या सह्या होत्या. २०१३ मध्ये संसदीय समितीने यावर कडक ताशेरे मारले. संशोधनाला पाठ फिरवावी असे मी म्हणत नाही. पुण्याजवळच्या बायांनी स्वतःला मोजू दिले म्हणून तर ती उत्तरे मिळाली. पण २०१९ च्या नियमांप्रमाणे औषधाच्या चाचणीची माहिती रोग्याला समजेल अशा भाषेत द्यावी लागते. लिहितावाचता येत नसेल तर निःपक्ष साक्षीदार लागतो. चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई मिळते. कधीही बाहेर पडता येते आणि त्यामुळे नेहमीचा उपचार थांबवता येत नाही. २००९ पासून अशा चाचणीची नोंद परिषदेच्या खुल्या नोंदवहीत करणे बंधनकारक आहे. रोग्याबरोबर जाणाऱ्या कार्यकर्त्याने अंगठा उमटण्यापूर्वी तो नोंदणी क्रमांक मागून घ्यावा आणि संमतिपत्राची प्रत घरी आणावी.