सेंड चॅनेल : सगळ्या वाद्यांची सामाईक खोली

संगीतनिर्मितीच्या सॉफ्टवेअरमध्ये मिक्सर उघडला, की ट्रॅकच्या उभ्या पट्टीवर, आवाज कमी-जास्त करणाऱ्या फेडरच्या आसपास, ‘सेंड’ नावाची लहानशी गोल बटणं दिसतात. नव्या प्रोजेक्टमध्ये ती सहसा पार डावीकडे वळलेली असतात आणि त्यांच्यापुढचा आकडा असतो उणे अनंत डेसिबल, म्हणजे पूर्ण बंद. बटण जरा फिरवलं, की त्या ट्रॅकमधल्या आवाजाची एक प्रत निघून दुसऱ्या चॅनेलकडे जाते. मूळ आवाज मात्र जागच्या जागी चालूच राहतो. पाटाला चारी फोडली की पाटातलं पाणी घटतं. इथे कितीही चाऱ्या फोडा, पाट भरलेलाच. प्रो टूल्समध्ये एका ट्रॅकमधून 10 सेंड काढता येतात, एबलटन लाइव्हच्या पूर्ण आवृत्तीत 12 रिटर्न ट्रॅक घेता येतात, आणि रीपरमध्ये तर कुठलाही ट्रॅक कुठल्याही ट्रॅकला जोडता येतो.

ही प्रत जिथे पोहोचते ते चॅनेल बहुतेक वेळा रिव्हर्बचं असतं. गाणं एखाद्या दालनात घुमल्यासारखं वाटावं म्हणून दिलेला निनाद म्हणजे रिव्हर्ब; आपल्याकडचे साउंडवाले त्यालाही सरसकट ‘इको’च म्हणतात. आज हा निनाद गणिताने तयार होतो. सेंडची पद्धत रूढ होत होती तेव्हा त्यासाठी खरीखुरी खोली लागायची.

1947 साली शिकागोत बिल पुटनम या ध्वनितंत्रज्ञाने हार्मोनिकॅट्स या माउथऑर्गन वाजवणाऱ्या त्रिकुटाचं ‘पेग ओ’ माय हार्ट’ ध्वनिमुद्रित केलं. निनादासाठी त्याने स्टुडिओचं बाथरूम वापरलं. फरशा आणि टणक भिंतींमुळे तिथे आवाज छान घुमत होता. तिथे एका स्पीकरवर आवाज सोडायचा, मायक्रोफोनने घुमारा उचलायचा आणि मूळ आवाजात हवा तेवढा मिसळायचा, अशी ही रीत. रेकॉर्ड अमेरिकेत तुफान खपली. मिक्सिंग कन्सोलवर सेंडची वेगळी सोय रुजवण्याचं श्रेयही पुटनमला दिलं जातं. लंडनच्या अ‍ॅबी रोड स्टुडिओत 1931 पासून यासाठी स्वतंत्र खोली होती, आणि हॉलिवूडच्या कॅपिटल रेकॉर्ड्सने आपल्या इमारतीखाली जमिनीत अशा खोल्या बांधून घेतल्या.

खोली बांधणं खर्चाचं काम. 1957 मध्ये जर्मनीच्या ईएमटी कंपनीने त्यावर उपाय काढला. साधारण दोन मीटर लांब, एक मीटर रुंद आणि जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असा पोलादी पत्रा चौकटीत ताणून टांगायचा, एका यंत्राने तो थरथरवायचा आणि त्याची थरथर पिकअपने टिपायची. पत्र्यात लाटा कडेला आपटून परत फिरतात आणि दाट निनाद तयार होतो. ईएमटी 140 नावाचा हा ‘प्लेट रिव्हर्ब’ पावणेतीनशे किलोच्या घरात भरायचा, तरी खोलीपेक्षा तो आटोपशीर मानला गेला! आजच्या प्लगइनच्या यादीत ‘प्लेट’ दिसतं ते त्याचंच वंशज.

म्हणजे स्टुडिओत वाद्यं पंचवीस असली तरी खोली एक किंवा दोन. त्यामुळे प्रत्येक वाद्याने आपला वाटा त्या खोलीत पाठवायचा, आणि सगळ्यांचा मिळून घुमारा एकाच वाटेने परत यायचा. जाणारी वाट सेंड, येणारी वाट रिटर्न. सेंड टंचाईतून जन्मलं, असं म्हणायला हरकत नाही. आता संगणकावर पंचवीस ट्रॅकना पंचवीस रिव्हर्ब लावता येतात, वरचा खर्च शून्य. तरीही जाणते लोक एकदोनच रिटर्न ठेवतात. हे निव्वळ सवयीमुळे होत नाही.

एक कारण गणितातलं आहे, आणि मला ते फार विलक्षण वाटतं. सेटिंग हलतं ठेवलेलं नसेल, तर रिव्हर्ब ही ‘रेषीय’ प्रक्रिया असते. गायक, हार्मोनियम आणि तबला यांना एकाच सेटिंगचा रिव्हर्ब वेगवेगळा देऊन नंतर बेरीज केली काय, किंवा आधी बेरीज करून तिला एकच रिव्हर्ब दिला काय, उत्तर तंतोतंत सारखं येतं. पंचवीस वेळा करायचं काम एकदाच करून तोच निकाल हाती येतो. कॉम्प्रेसर किंवा डिस्टॉर्शन मात्र असे वागत नाहीत. दोन आवाज एकाच डिस्टॉर्शनमध्ये गेले की त्यांच्या कंपनसंख्यांच्या बेरजा-वजाबाक्यांचे तिसरेच सूर उपजतात. म्हणून ती यंत्रं सामाईक रिटर्नवर ठेवताना जपून ठेवावी लागतात.

दुसरं कारण कानाचं. वेगवेगळ्या दालनांचे घुमारे एकत्र ऐकले की कान गोंधळतो. एकच घुमारा असेल तर सगळी मंडळी एकाच जागेत बसलेली वाटतात. सेंड जास्त म्हणजे वाद्य मागे, सेंड कमी म्हणजे पुढे. बैठकीची जागा ठरवण्याचं एवढं साधं साधन मिक्सरवर दुसरं नाही.

आता सेंडच्या शेजारच्या, बहुतेकांनी कधी हातही न लावलेल्या बटणाकडे वळू : प्री आणि पोस्ट. पोस्ट म्हणजे प्रत फेडरच्या नंतर निघते. फेडर खाली केला की घुमाराही त्याच प्रमाणात खाली येतो, मूळ आवाज आणि निनाद यांचं नातं मोडत नाही. मिक्सिंगमध्ये जवळजवळ नेहमी हेच हवं असतं. प्री म्हणजे प्रत फेडरच्या आधीच काढली जाते. मग फेडर पूर्ण बंद केला तरी घुमारा येतच राहतो, आणि गायक समोरून उठून लांबच्या दालनात गेल्यासारखा भास होतो.

प्रीचा रोजचा उपयोग कार्यक्रमात दिसतो. मंचावरचा गायक मध्येच खूण करून म्हणतो, “मॉनिटरला तानपुरा वाढवा, तबला थोडा कमी.” साउंडवाला ऑक्सचं बटण फिरवतो, ते हेच सेंड, प्री-फेडर जोडलेलं. त्यामुळे प्रेक्षकांसाठी त्याने तबला कितीही वर-खाली केला तरी गायकाच्या मॉनिटरमधलं प्रमाण हलत नाही. सॉफ्टवेअरमध्ये ध्वनिमुद्रण करताना गायकाच्या हेडफोनचं वेगळं मिश्रणही असंच करतात.

सेंडला वाद्य केलं ते जमैकाने. किंगस्टनचा किंग टबी, खरं नाव ऑस्बर्न रडॉक, मुळात रेडिओ-अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करणारा. 1970 च्या दशकात तो तयार गाण्याचे चार ट्रॅक घेऊन बसायचा आणि वाजत्या गाण्यातून गायक काढून टाकायचा. एखादाच शब्द डिलेच्या, म्हणजे पडसाद काढणाऱ्या यंत्राच्या, सेंडमध्ये ढकलायचा आणि लगेच फेडर बंद करायचा. शब्द संपलेला, पण त्याचे पडसाद ढोल-बासवर उसळत राहिलेले. डिलेचं रिटर्न पुन्हा त्याच डिलेला पुरेशा जोरात पाठवलं की पडसाद विरण्याऐवजी वाढत जातात. डब नावाचा अख्खा संगीतप्रकार या हातचलाखीवर उभा आहे. सॉफ्टवेअरमध्ये असा फेरा सहसा आधीच बंद ठेवलेला असतो. रीपरमध्ये त्याला प्रोजेक्टच्या सेटिंगमधून मुद्दाम परवानगी द्यावी लागते, कारण अंदाज चुकला तर आवाज क्षणात कानठळ्या बसवतो.

खोल्याही आता कुठल्या कुठल्या. एखाद्या जागेत बंदुकीचा बार किंवा सरकता सूर वाजवून तिथला निनाद मोजायचा आणि त्याचा ठसा कुठल्याही आवाजावर उमटवायचा, हे तंत्र 1999 च्या सुमारास बाजारात आलं. त्याने चर्च, बोगदा, टाकी, काहीही रिटर्नवर बसतं. स्कॉटलंडच्या इंचिनडाउन इथे दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास डोंगराच्या पोटात तेलाच्या टाक्या खोदल्या होत्या. तिथे ट्रेव्हर कॉक्स या ध्वनिशास्त्रज्ञाने 125 हर्ट्झला 112 सेकंदांचा निनाद मोजला. गाण्याला तो निरुपयोगीच, पण रिटर्नवर लावून पाहायला मजा येईल.

नव्याने शिकणाऱ्यांची एक चूक सर्रास दिसते. रिटर्नवरच्या रिव्हर्बमध्ये मूळ आवाजाचं प्रमाण तसंच राहून जातं. मग मूळ आवाज दोन वाटांनी येतो आणि सेंड वाढवलं की घुमाऱ्याऐवजी वाद्यच मोठं होतं. त्यात एक वाट नुसती एक मिलिसेकंद उशिरा पोहोचली तरी 500, 1500, 2500 हर्ट्झ अशा ठिकाणी आवाजात खड्डे पडतात आणि गळा नळकांड्यातून आल्यासारखा पोकळ वाटतो.

तेव्हा पुढचं गाणं मिक्स करताना एवढं करून पाहा. ट्रॅकवरचे सुटे रिव्हर्ब काढा, एकच रिटर्न ठेवा, त्यावरचा रिव्हर्ब 100 टक्के ‘ओला’ (वेट) करा, म्हणजे त्यातून मूळ आवाज येणार नाही, आणि सगळी सेंड पोस्टवर ठेवा. रिव्हर्बच्या आधी इक्वलायझर लावून 600 हर्ट्झच्या खालचं आणि 10,000 च्या वरचं कापा. अ‍ॅबी रोडवाले आपल्या खोलीत आवाज पाठवताना हेच करायचे. आणि गायकाचं सेंड सगळ्यांत शेवटी उघडा.