बंद पडलेला संगणक : दुरुस्ती की निरोप?

या स्मरणिकेच्या कामाला आरंभ झाला आणि त्याच आठवड्यात शाळेच्या कार्यालयातील जुना संगणक बंद पडला. २०११ साली माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून तो शाळेला दिला होता. जुन्या तुकड्यांच्या याद्या, वसतिगृह-प्रवेशाच्या नोंदी, स्नेहसंमेलनांची छायाचित्रे, निवृत्त शिक्षकांनी लिहून दिलेल्या आठवणी असे सारे त्यात साठवलेले होते. त्याची दुसरी प्रत कोठेही नव्हती. इतिहासाचे शिक्षक म्हणवून घेणाऱ्या आम्हांला ही गोष्ट शोभणारी नाही, हे प्रारंभीच कबूल करतो.

शहरातील एका दुकानदाराने झाकणही न उघडता निकाल दिला, "चौदा वर्षांचा आहे. भंगारात द्या, नवा घ्या." नव्याचा दर सांगितला अडतीस हजार. पुढच्या रविवारी तालुक्याच्या गावी दुरुस्तीचे छोटे दुकान चालवणारा आपलाच एक माजी विद्यार्थी आला. "जयभीम, सर. आधी हे सांगा, आत काय काय आहे?" हा त्याचा पहिला प्रश्न. किंमत, वर्ष, कंपनी हे सारे त्याने नंतर विचारले. त्या दिवशी त्याच्याकडून आम्ही जे शिकलो, ते पालकांच्या व माजी विद्यार्थ्यांच्याही उपयोगी पडावे म्हणून येथे मांडत आहोत.

पहिली गोष्ट ही की, संगणक आणि त्यातील माहिती या दोन वेगळ्या वस्तू आहेत. यंत्र बंद पडले म्हणून माहिती गेली असे होत नाही. माहिती हार्ड डिस्कवर असते. ती डिस्क सोडवून दुसऱ्या संगणकाला जोडता येते आणि ती धड असेल तर सर्व काही उतरवून घेता येते. मात्र डिस्कमधून टकटक असा आवाज येत असेल, तर संगणक पुन्हा पुन्हा सुरू करून पाहू नये; प्रत्येक प्रयत्नागणिक आतील पृष्ठभागाला इजा होण्याचा धोका वाढतो. दुरुस्ती की नवी खरेदी हा विचार माहितीच्या दोन प्रती दोन निराळ्या ठिकाणी सुरक्षित झाल्यावरच करावा.

दुसरी गोष्ट, बिघडले आहे ते नेमके काय? बटण दाबल्यावर दिवाही लागत नाही व पंखाही फिरत नाही, तर दोष बहुधा वीजपुरवठा करणाऱ्या पेटीत, म्हणजे एसएमपीएसमध्ये असतो. ती सहज बदलता येते. मात्र तिच्या आत वीज साठून राहते, म्हणून ती घरी उघडू नये. पंखा फिरतो, पण पडदा काळा राहतो आणि बीप ऐकू येते, तेव्हा रॅमची पट्टी तपासावी. कित्येकदा ती काढून, तिचे सोनेरी टोक खोडरबराने हलके पुसून पुन्हा बसवली की काम भागते. दर वेळी तारीख व वेळ मागे जात असेल, तर मदरबोर्डवरील तीन व्होल्टचा नाण्याएवढा सेल संपलेला असतो. दहा-पंधरा मिनिटांत संगणक आपोआप बंद होत असेल, तर आत साचलेली धूळ व वाळलेली थर्मल पेस्ट ही कारणे संभवतात. हे सारे किरकोळ खर्चाचे बिघाड होत. परंतु मदरबोर्डच जळाला असेल तर प्रकरण वेगळे. जुन्या पिढीचा बोर्ड मिळणे कठीण. नवा घ्यावा तर त्याला जुना प्रोसेसर व जुनी रॅम चालत नाही. अशी दुरुस्ती म्हणजे आडवाटेने केलेली नवी खरेदीच होय.

आपल्या संगणकाचा केवळ एसएमपीएस गेला होता. मरण एका भागाला आले होते आणि अंत्ययात्रा साऱ्या यंत्राची निघत होती!

तिसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. दुरुस्त झालेले यंत्र पुढे कोणते काम करणार? यंत्र चालू राहते, पण त्याची कार्यप्रणाली कालबाह्य होते. विंडोज ७ ला सुरक्षेची मदत देणे १४ जानेवारी २०२० रोजी थांबले, तर विंडोज १० ला ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. विंडोज ११ साठी किमान ४ जीबी रॅम आणि टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था लागते. २०११ चा संगणक तेथे पोहोचू शकत नाही. वसतिगृहाच्या कार्यालयात मुलांचे जातीचे दाखले, आधार क्रमांक, शिष्यवृत्तीचे अर्ज आणि बँक खात्यांचे तपशील हाताळले जातात. असुरक्षित यंत्र इंटरनेटला जोडून ते काम करणे म्हणजे परक्यांच्या लेकरांची कागदपत्रे रस्त्यावर उघडी ठेवणे होय.

याचा अर्थ जुने यंत्र निरुपयोगी, असाही नाही. हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवली आणि रॅम वाढवली, तर जुन्या संगणकाच्या वेगात मोठा फरक पडतो. त्यावर लिनक्सची एखादी हलकी, विनामूल्य प्रणाली घालता येते. आपल्या देशात सी-डॅकने 'बॉस' नावाची लिनक्स प्रणाली तयार केलेली आहे. मुलांना टंकलेखन, चित्रकला, गणिताचा सराव एवढे त्यावर सुखाने करता येते.

चौथी बाब खर्चाची. दुरुस्तीचा खर्च तेवढ्याच क्षमतेच्या यंत्राच्या किमतीच्या निम्म्याहून अधिक होत असेल, तर दुरुस्ती करू नये, असा एक ढोबळ ठोकताळा आहे. त्यात 'तेवढ्याच क्षमतेच्या' हे शब्द विसरू नयेत. दुकानदार तुलना करतो ती कोऱ्या यंत्राशी. आपण ती नूतनीकरण केलेल्या, हमीसह मिळणाऱ्या यंत्राशीही करून पाहावी.

या चार कसोट्या लावल्यावर निर्णय सोपा झाला. एसएमपीएस, एसएसडी आणि मजुरी मिळून जुन्या संगणकाला ३,४०० रुपये लागले. जुन्या डिस्कची हुबेहूब प्रत एसएसडीवर उतरवली, आणि या यंत्राला इंटरनेट जोडायचे नाही असे ठरवले. तो ठेवण्याला आणखी एक कारण होते. आठवणींचे लेख नव्या संगणकावर उघडले तेव्हा पडद्यावर अर्थहीन चिन्हांची रांग उमटली. ते युनिकोडपूर्व मराठी फाँटमध्ये टंकित केलेले होते. जुन्या यंत्रात तो फाँट व ती प्रणाली असल्याने लेख तेथे वाचता येतात. ते युनिकोडमध्ये आणून, ओळन् ओळ ताडून पाहण्याचे काम दहावीच्या मुली सध्या करीत आहेत. कार्यालयाच्या ऑनलाइन कामासाठी विंडोज ११ चालेल असा नूतनीकरण केलेला संगणक १४,००० रुपयांत घेतला. अडतीस हजारांतून जे वाचले, ते वाचनालयाकडे वळवले.

शेवटी निरोपाविषयी. यंत्र खरोखरच संपले, तर ते भंगारवाल्याच्या गाडीवर टाकू नये. सोल्डरमध्ये शिसे असते, जुन्या पडद्यांच्या दिव्यांत पारा असतो. तांब्यासाठी तारा जाळणारे आणि उघड्या हातांनी बोर्ड फोडणारे लोक कोणत्या वस्त्यांतून येतात, हे आपणांस निराळे सांगावयास नको. ज्या कामातून आपल्या मुलांनी बाहेर पडावे म्हणून ही शाळा उभी राहिली, त्याच कामाचे विष आपल्या कार्यालयातून कोणाच्या तरी मुलांपर्यंत जाऊ नये. ई-कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्राकडेच यंत्र सोपवावे. त्याआधी डिस्क पूर्णपणे पुसून घ्यावी. केवळ फॉरमॅट केल्याने माहिती जात नाही. डिस्कवर दुसरी माहिती पूर्ण लिहावी लागते किंवा डिस्कच मोडावी लागते.

माजी विद्यार्थ्यांना एक विनंती. आपला वापरलेला संगणक शाळेला अवश्य द्या. पण तो चालू स्थितीत, चार्जरसह आणि आपली माहिती पुसून द्या. त्याचे वर्ष व रॅम एका चिठ्ठीवर लिहा. दुरुस्तीपलीकडचे यंत्र दिले तर शाळेवर केवळ त्याच्या विल्हेवाटीचा भार पडतो.

२०११ च्या दात्यांना कळविण्यास आनंद वाटतो की, या स्मरणिकेतील जुन्या तुकड्यांच्या याद्या त्यांच्याच संगणकातून घेतल्या आहेत. या वेळी त्यांच्या तीन प्रती केल्या आहेत.