लहान देशांचा मागचा दरवाजा

(द्वितीय वर्ष, कला)

विमान म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर श्रीमंतांचे वाहन उभे राहते. एस.टी. आणि लाँच यांवर वाढलेल्या आम्हां उरणकरांना तसे वाटणे स्वाभाविकच आहे. परंतु काही लहान देशांच्या दृष्टीने विमान ही चैन नसून घराचा मागचा दरवाजा आहे. पुढची वाट शेजाऱ्याच्या अंगणातून जात असली, की त्या दरवाजाचे मोल कळते.

याचे पहिले उदाहरण आपल्या गोव्याचेच आहे. १९५४ साली दादरा व नगर हवेली मुक्त झाली. पाठोपाठ भारताने पोर्तुगीज गोव्याची आर्थिक कोंडी केली आणि रेल्वेची वाट बंद झाली. गोवा, दमण व दीव हे तीन तुकडे. मधला मुलूख सारा भारताचा. नकाशावर गोव्याहून दमणला सरळ रेघ ओढली, तर ती आपल्या पनवेलच्या आसपासून जाते! तेव्हा पोर्तुगीजांनी १९५५ मध्ये दाबोळीचा विमानतळ सुरू केला व एक छोटी विमान कंपनीही काढली. तिची विमाने दमण, दीव आणि कराचीपर्यंत जात. हा दरवाजा जनतेसाठी नव्हे, तर सत्ता टिकविण्यासाठी होता. १८ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय विमानदलाने दाबोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले. गोवा मुक्त झाला, कंपनी संपली. धावपट्टी मात्र आजही लोकांच्या कामी येत आहे.

भूतानची गोष्ट निराळी. या देशाला समुद्र नाही. पूर्वी परदेशी जाणाऱ्या भूतानी माणसाला घाट उतरून बंगालमधील बागडोगरा गाठावे लागे. १९८१ साली ‘ड्रुक एअर’ स्थापन झाली आणि फेब्रुवारी १९८३ मध्ये तिचे छोटे डॉर्नियर विमान पारोहून कलकत्त्याला गेले. पारोची धावपट्टी सुमारे २,२०० मीटर उंचीवरील अरुंद खोऱ्यात आहे. डोंगर डोळ्यांना दिसत असतील तरच तेथे विमान उतरविता येते.

मालदीव तर बेटांचाच देश. तेथील कितीतरी रुग्ण उपचारांसाठी विमानाने केरळात येतात. डिसेंबर २०१४ मध्ये माले शहरातील पाणी शुद्ध करणारे केंद्र आगीमुळे बंद पडले, तेव्हा भारताच्या विमानांनी तेथे पिण्याचे पाणी पोहोचविले.

या तिन्ही उदाहरणांतून एक गोष्ट स्पष्ट होते. स्वतःची धावपट्टी म्हणजे अर्धीच वाट. उरलेली अर्धी कराची, कलकत्ता किंवा तिरुवनंतपुरम येथे असते. ते दार उघडे ठेवणे शेजाऱ्याच्या हाती असते. म्हणून मोठ्या देशाच्या विमानतळाचे मोठेपण केवळ त्याच्या इमारतीवर मोजता येत नाही.

वाचकहो, २५ डिसेंबर २०२५ पासून आपल्या शेजारच्या नवी मुंबई विमानतळावरून विमाने उडू लागली आहेत. त्यासाठी पनवेल तालुक्यातील दहा गावांनी आपली घरे सोडली. उद्या या दारातून लहान देशांचे विद्यार्थी आणि रुग्ण आत येवोत, त्यांचे स्वागतच आहे. परंतु ज्यांनी अंगण दिले, त्यांची मुले या विमानतळावर केवळ सामान उचलणार, की शिकून विमानेही चालविणार? याचे उत्तर आपल्या पिढीलाच मिळवावे लागेल.