गंगाजळीचे बीजक आणि बारा शब्दांची किल्ली

परकीय चलनाचा साठा वाढला किंवा घटला, की आपली वृत्तपत्रे 'गंगाजळी' हा शब्द योजतात, आणि तो वाचताना ग्वाल्हेरचा किल्ला फार थोड्यांच्या डोळ्यांपुढे उभा राहतो. शिंदे सरकारच्या राखीव खजिन्याला हेच नाव होते. युद्ध, दुष्काळ अशा आपत्तींची तरतूद म्हणून तो किल्ल्याच्या तळघरांत मोहोरबंद ठेवलेला असे, आणि त्या तळघरांची वाट ज्या सांकेतिक खुणांनी उमगे त्या खुणांना 'बीजक' म्हणत. हे बीजक गादीवरच्या महाराजांखेरीज कोणासही ठाऊक नसावे, दिवाणास नाही, पोतनिसास नाही, आणि अंतकाळ जवळ आला म्हणजे महाराजांनी ते आपल्या वारसाच्या कानी घालावे, असा घराण्याचा रिवाज होता असे सांगतात.

हा रिवाज 1886 साली खंडित झाला. 1858 च्या जून महिन्यात तात्या टोपे आणि राणी लक्ष्मीबाई यांच्या फौजेने ग्वाल्हेर घेतले, जयाजीराव शिंदे आग्र्याकडे निघून गेले, आणि इंग्रजांनी लढाई जिंकून शहर महाराजांच्या स्वाधीन केले. परंतु किल्ल्यावर इंग्रजांचेच ठाणे बसले आणि ते पुढे अठ्ठावीस वर्षे हलले नाही. खजिना परक्या पहारेकऱ्यांच्या पायाखाली आणि त्याचे बीजक खाली लश्कर शहरात राहणाऱ्या एका माणसाच्या स्मरणात, अशी ती विलक्षण अवस्था होती. 1886 मध्ये झाशीच्या मोबदल्यात किल्ला परत मिळाला, आणि त्याच वर्षीच्या जूनमध्ये जयाजीराव निवर्तले. वारस माधवराव तेव्हा दहा वर्षांचेही नव्हते. बीजक सांगावयाचे राहून गेले. पुढे काही तळघरे हाती लागल्याच्या नाना हकिकती सांगितल्या जातात, आणि त्या सर्वांचे तात्पर्य एकच आहे: ज्यांचा खजिना होता त्यांनाच तो चाचपडत शोधावा लागला.

ही जुनी कथा आज सांगण्याचे प्रयोजन असे, की आपल्या काळात लक्षावधी सामान्य माणसांनी आपापली गंगाजळी आणि आपापले बीजक निर्माण केले आहे. बिटकॉइनसारख्या कूटचलनाचे 'वॉलेट' म्हणजे पाकीट. पण या पाकिटात नाणे नसतेच. कोणत्या पत्त्यावर किती नाणी जमा आहेत याची खातेवही सर्व जगापुढे उघडी असते, आणि त्या पत्त्यावरून नाणे हलवण्याचा अधिकार एका प्रचंड संख्येच्या ज्ञानात असतो. ती संख्या माणसाच्या लक्षात राहणे अशक्य. म्हणून 2013 साली एक सर्वमान्य पद्धत आखण्यात आली, जिच्यात ती संख्या 2048 शब्दांच्या ठरावीक यादीतून निवडलेल्या बारा किंवा चोवीस शब्दांच्या रूपाने लिहून ठेवता येते. हे शब्द ज्याच्या हाती, त्याच्या हाती सर्व द्रव्य. येथे ना सही जुळवून पाहणारा कारकून, ना अर्ज ऐकून घेणारा अंमलदार.

हे बीजक कसे घडते ते एकदा जवळून पाहण्यासारखे आहे. एक रुपया घ्यावा, अकरा वेळा उडवावा, छापा पडला तर 1 आणि काटा पडला तर 0 असे ओळीने मांडावे. अकरा ठिकाणी दोन-दोन शक्यता, म्हणजे एकंदर 2048 मांडण्या, आणि यादीतील शब्दही तितकेच. अकराही वेळा काटा पडला तर शून्य क्रमांकाचा, म्हणजे यादीतील पहिला शब्द येतो, 'अबँडन'. पहिले सात काटे आणि शेवटचे चार छापे पडले तर पंधरा क्रमांकाचा 'ॲसिड'. आणि सगळेच छापे पडले तर अखेरचा शब्द, 'झू'. असे अकरा शब्द झाल्यावर बाराव्यासाठी नाणे सातच वेळा उडवावयाचे, कारण त्याचे उरलेले चार अंक आधीच्या 128 फेकींवरून गणिताने ठरतात. आधार क्रमांकाचा शेवटचा अंक जसा आधीच्या अकरा अंकांची साक्ष देतो, तसाच हा बारावा शब्द. एखादा शब्द चुकून भलताच लिहिला गेला, तर सोळांपैकी पंधरा वेळा ही साक्ष जुळत नाही आणि चूक तेथेच उघडकीस येते.

अशी किती बीजके संभवतात? ती संख्या लिहावयास 39 अंक लागतात. एक यंत्र दर सेकंदास एक लाख कोटी बीजके तपासते असे धरले, तरी सर्व तपासून होण्यास विश्वाच्या आजवरच्या आयुष्याच्या, म्हणजे सुमारे 1380 कोटी वर्षांच्या, जवळजवळ 78 कोटी पट काळ लागेल. संख्या अशी लिहिता येते तीच मुळी शून्य आणि स्थानमूल्य यांच्या बळावर, आणि त्या दोहोंची एक अत्यंत जुनी साक्ष ग्वाल्हेरच्याच किल्ल्याच्या पूर्वेकडील चढणीवर, एका खडकात कोरलेल्या चतुर्भुज मंदिरात आहे. इ. स. 876 मधील त्या शिलालेखात देवाच्या फुलांसाठी दिलेल्या बागेचे माप 187 हात गुणिले 270 हात असे, आणि रोजच्या माळांची संख्या 50 अशी, आज आपण लिहितो त्याच रीतीने शून्य मांडून कोरली आहे. एकच अंक जागा बदलताच वेगळे मूल्य धारण करतो, ही त्या लेखातील विद्या. आणि बारा शब्दांच्या बीजकाचे सामर्थ्यही तेच, कारण तेच शब्द वेगळ्या क्रमाने मांडले की वेगळीच किल्ली होते.

या विषयातील सर्वांत बोधप्रद प्रसंग 2020 सालचा आहे. अ‍ॅलिस्टर मिल्न नावाच्या गुंतवणूकदाराने एक बिटकॉइन बारा शब्दांच्या कुलपात ठेवले आणि ते शब्द कोड्याच्या रूपाने एकेक करून जाहीर करण्यास आरंभ केला; जो प्रथम बारा शब्द पुरे करील, नाणे त्याचे. शेवटचे काही शब्द एकदमच द्यावे, म्हणजे कोणी नुसत्या यंत्रबळाने कुलूप फोडू नये, असा त्याचा बेत होता. जॉन कँट्रेल या संगणक-अभियंत्याने हिशेब मांडला, की आठ शब्द कळले म्हणजे उरतात चार. चार शब्दांच्या शक्यता 17 लाख 59 हजार कोटी. त्यांतल्या सोळांत एकच बाराव्या शब्दाच्या साक्षीस उतरणार, म्हणजे खरी मेहनत सुमारे 1 लाख 10 हजार कोटी बीजकांवरच करावयाची. त्याच्या स्वतःच्या संगणकास या कामी पंचवीस वर्षे लागली असती. म्हणून त्याने चित्रे रेखण्यासाठी बनवलेले, एकाच वेळी सहस्रावधी आकडेमोडी करणारे प्रोसेसर भाड्याने घेतले, त्यांच्यासाठी स्वतः आज्ञावली लिहिली, आणि सुमारे तीस तासांत, 17 जून 2020 रोजी, ते नाणे हस्तगत केले.

चार अज्ञात शब्द तीस तासांत सापडले, तर बारा शब्द तिप्पट वेळात सापडतील, असे मनाला वाटते. आणि येथेच आपली अंतःप्रेरणा आपल्याला फसवते. प्रत्येक अज्ञात शब्दागणिक श्रम 2048 पटींनी वाढतात. पाचव्या शब्दास त्याच यंत्रांवर तीस तासांची जवळजवळ सात वर्षे झाली असती आणि सहाव्यास चौदा हजार. याउलट, ज्याला बाराही शब्द ठाऊक आहेत पण क्रम विसरला आहे, त्याच्यापुढे 47 कोटी 90 लाख मांडण्या असतात, आणि साक्षीच्या चाळणीतून त्यांतल्या सुमारे तीन कोटीच उरतात. साधा संगणकही हे काम पार पाडील. ज्याचा एकच शब्द पुसला गेला आहे आणि त्याची जागा ठाऊक आहे, त्याला 2048 शब्द लावून पाहावयाचे, आणि त्यांतून सरासरी 128 उरतात. म्हणून जुन्या वहीतील अर्धवट पुसलेला कागद हाती आला असता त्याने धीर सोडू नये, आणि आपल्या बीजकाचे काही शब्द कोणास दाखवले तर बिघडत नाही असेही मानू नये.

हे सर्व गणित खरे ठरते ते शब्द नाण्याच्या फेकीने निवडले तरच. आरंभीच्या काळात पुष्कळांनी आपल्या मनातले एखादे वाक्य घेऊन त्यापासून किल्ली बनवली आणि त्या वॉलेटला मेंदूचे पाकीट असे नाव दिले. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात सुमारे 30 हजार कोटी संभाव्य वाक्ये व शब्द तपासण्यात आले, तेव्हा अशी 884 वॉलेटे वापरात येऊन गेल्याचे आढळले, आणि त्यांतली 21 सोडून बाकी सर्व रिकामी करण्यात आली होती, बहुधा द्रव्य ठेवल्यापासून चोवीस तासांच्या आत. माणसाला जे सुचते ते बहुधा दुसऱ्या माणसालाही सुचलेले असते, आणि जे छापले गेले ते यंत्राने वाचलेले असते. अभंगाचा चरण, आजीची म्हण, कुलदैवताचे नाव आणि जन्मवर्ष ही आपल्या हृदयाला कितीही जवळची असली, तरी द्रव्याच्या रक्षणास ती असमर्थ आहेत. तेथे जिच्यात कोणाचेही मन गुंतलेले नाही अशी निर्जीव नाण्याची फेकच कामास येते.

बारा शब्दांच्या जोडीला आणखी एक परवलीचा शब्द स्वतःच्या मनाने लावण्याची सोयही या पद्धतीत आहे, आणि तिचे वैशिष्ट्य चकित करणारे आहे. रात्रीचा पहारेकरी परवलीचा शब्द चुकला तर अडवतो. येथे कोणीच अडवत नाही. चुकीचा शब्द दिला तरी एक वॉलेट उघडतेच, मात्र ते दुसरे आणि रिकामे असते, आणि धन्याला वाटते की आपले द्रव्य कोणी लुटले. देवनागरीत लिहिणाऱ्याने तर येथे फारच जपावे. 'ॲ' हे अक्षर संगणकावर एका चिन्हाने उमटवता येते, तसेच 'अ' काढून त्यावर चंद्र देऊनही. डोळ्यांना भेद दिसत नाही, पण यंत्राच्या लेखी ते दोन निराळे शब्द आहेत आणि त्यांच्या किल्ल्या निराळ्या. 'गंगा' अनुस्वाराने लिहिली की परसवर्णाने, यानेही तोच फरक पडतो.

अशा कोड्यांचा छंद ज्यांना लागेल त्यांनी एक मर्यादा कटाक्षाने पाळावी. मालकाने खुले आव्हान दिलेले, किंवा स्वतःचे विसरलेले कुलूपच फोडण्याचा यत्न करावा; परक्याच्या वॉलेटात शिरणे ही चोरी आहे, आणि 2000 सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्यान्वये अपराध आहे. तसेच, हरवलेले बीजक शोधून देतो म्हणून उरलेले शब्द मागणाऱ्या अनोळखी माणसाच्या हाती ते कदापि देऊ नयेत.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. बीजक एकालाच ठाऊक असावे तर ते त्याच्याबरोबर जाते, आणि अनेकांना सांगावे तर त्यांतला एखादा फितूर होतो; या पेचावर अदी शमीर या गणितज्ञाने 1979 साली जो तोडगा काढला तो शाळेतल्या आलेखाच्या कागदावर समजतो. आपले रहस्य 7 ही संख्या आहे असे धरा. उभ्या अक्षावर 7 पासून एक सरळ रेषा काढा, जी प्रत्येक पावलास 3 ने चढते. पहिल्या पावलावर ती 10 वर असेल, दुसऱ्यावर 13 वर, तिसऱ्यावर 16 वर. हे तीन बिंदू तीन विश्वासू माणसांना वाटून द्या. कोणतेही दोघे एकत्र आले, की दोन बिंदूंतून एकच रेषा जाते, ती मागे ओढली की अक्षास 7 वर छेदते, आणि रहस्य उघड होते; एकटा माणूस मात्र आपल्या बिंदूतून वाटेल तितक्या रेषा काढू शकतो आणि त्याला काहीच कळत नाही. व्यवहारात हेच गणित ठरावीक, मर्यादित संख्यासमूहात करतात, म्हणजे एकट्याला अंदाजाचाही आधार राहत नाही. तिघांतला एक मेला तरी खजिना बुडत नाही, आणि एक फितूर झाला तरी तो लुटला जात नाही.

जयाजीरावांच्या काळी ही युक्ती कोणास ठाऊक नव्हती. असती, आणि दिवाण, पोतनीस व राणीसाहेब यांच्यापाशी एकेक बिंदू असता, तर दहा वर्षांच्या आतल्या त्या वारसाला दोघांना बोलावून एक रेषा ओढण्यापुरतेच काम उरले असते. ग्वाल्हेरच्या एकाच टेकडीवर दोन लेख होते. एक फुलबागेचा, भिंतीवर सर्वांसमक्ष कोरलेला, जो अकराशे वर्षांनंतरही कोणालाही वाचता येतो. आणि दुसरा बीजकाचा, एका मनात जपलेला, जो एका मृत्यूने पुसला गेला. आपली बारा शब्दांची किल्ली दुसऱ्यासारखी गुप्त राहावी आणि पहिल्यासारखी टिकावी, एवढ्यासाठी शमीरच्या रीतीने पाडलेले तिचे भाग आज, आपण धडधाकट असतानाच, कागदावर लिहून योग्य माणसांच्या हवाली करावेत.