नागपूरचा मे महिना आणि वेगवान संगणक

"मामा, प्रोसेसर एवढा भारी घेतेय, मग कूलर साधा चालेल ना?"

भाचीने सीताबर्डीच्या दुकानातून आणलेलं कोटेशन माझ्यापुढे ठेवलं. ती अ‍ॅनिमेशन शिकते. ब्लेंडरमध्ये एकेक दृश्य रेंडर करायला तिच्या लॅपटॉपला रात्र पुरत नाही, म्हणून घरच्यांनी चांगला डेस्कटॉप जोडून द्यायचं ठरवलं होतं. कागदावर सगळ्यात महाग प्रोसेसर होता, रॅमची एकच स्टिक होती आणि अगदी तळाला, उरलेल्या पैशांत बसवलेले, कूलर आणि एसएमपीएस. मी ते कोटेशन खालून वर वाचायला घेतलं.

वेग म्हणजे गिगाहर्ट्झ, असं आपण धरून चालतो. पण २००४ साली इंटेलने ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ आणण्याचा बेत सोडून दिला, आणि त्यानंतरच्या दोन दशकांत घरगुती प्रोसेसर जेमतेम सहाच्या घरात पोहोचले. त्याआधीची तीस वर्षं गणित सोपं होतं. ट्रान्झिस्टर लहान केला की त्याला व्होल्टेजही कमी लागतं, त्यामुळे वेग वाढवला तरी चिपच्या तेवढ्याच जागेतली उष्णता वाढत नाही. आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड आणि सहकाऱ्यांनी १९७४ साली हे मांडलं होतं. पुढे ट्रान्झिस्टर इतके बारीक झाले की बंद असतानाही त्यांतून वीज झिरपू लागली, व्होल्टेज आणखी उतरवता येईना आणि चिप तापू लागली. तेव्हापासून वेगाची मर्यादा उष्णता ठरवते.

दुसरी मर्यादा आहे वाट पाहण्याची, आणि तिच्याकडे गिऱ्हाइकाचं लक्षच जात नाही. ५ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरचा एक ठोका ०.२ नॅनोसेकंदाचा. एवढ्या वेळात प्रकाशसुद्धा सहाच सेंटिमीटर जातो. हा एक ठोका एक सेकंदाचा आहे असं समजा. प्रोसेसरच्या अगदी जवळच्या कॅशमधून आकडा यायला चार-पाच सेकंद लागतील. रॅमकडून यायला साधारण ८० नॅनोसेकंद लागतात, म्हणजे या हिशेबाने जवळपास सात मिनिटं. चांगल्या एनव्हीएमई एसएसडीकडून तीनेक दिवस. आणि जुन्या फिरत्या हार्ड डिस्ककडून? दीड वर्षाच्या वर. कितीही हुशार प्रोसेसर आणा, सामान हाताशी नसेल तर तो बसूनच राहणार.

म्हणून पहिली दुरुस्ती रॅमची केली. एका मोठ्या स्टिकऐवजी तेवढ्याच क्षमतेच्या दोन घ्यायच्या. डीडीआर५-६००० ची एक स्टिक सेकंदाला ४८ जीबी देते. दोन वेगळ्या चॅनेलमध्ये लावल्या की ९६. किमतीत फार फरक पडत नाही, रस्ता मात्र दुप्पट रुंद होतो. घरी आणल्यावर बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी किंवा एक्स्पो चालू करायला विसरू नये. ते केलं नाही तर ६००० ची रॅम मूळच्या कमी वेगावरच चालत राहते, आणि पुष्कळांना हे वर्षानुवर्षं कळत नाही.

प्रोसेसरची निवड कामावर ठरते. रेंडरिंगमध्ये प्रत्येक पिक्सेलचा हिशेब बराचसा स्वतंत्र, म्हणून ते काम हजारो छोट्या गणनयंत्रांच्या ग्राफिक्स कार्डाने करायचं. मॉडेलिंग करताना मात्र पुष्कळ पायऱ्या एकामागून एक येतात, तिथे सोळा कोअरांपैकी बरेचसे रिकामेच बसतात. भाचीच्या कामाला मधल्या दर्जाचा प्रोसेसर पुरेसा होता. वाचलेले पैसे जास्त मेमरीच्या ग्राफिक्स कार्डाकडे वळवले, कारण दृश्य कार्डाच्या मेमरीत मावलं नाही तर रेंडर रखडतं किंवा बंदच पडतं.

वाट पाहणं आणि तापणं, दोन्ही एकाच वस्तूत बघायची असतील तर एएमडीचा रायझन ७ ५८००एक्स३डी बघावा. २०२२ साली आलेल्या या प्रोसेसरच्या डोक्यावर कॅशचा आणखी एक थर चढवला होता. ३२ एमबीची कॅश ९६ एमबी झाली. कमाल वेग साध्या ५८००एक्सच्या ४.७ वरून ४.५ गिगाहर्ट्झवर आला, तरीही बहुतेक गेममध्ये तो पुढे गेला, कारण त्याचं रॅमकडे धावणं कमी झालं. वेग कमी का करावा लागला? वरच्या थरामुळे खालची उष्णता बाहेर पडेना. २०२४ च्या ९८००एक्स३डीमध्ये कॅश खाली घातली, कोअर वर कूलरच्या जवळ आणले, आणि वेग ५.२ वर गेला. थरांची अदलाबदल करण्याएवढी साधी दिसणारी ही गोष्ट मला गेल्या काही वर्षांतल्या सुंदर अभियांत्रिकीपैकी वाटते.

आता कूलर. परीक्षणांमधले आकडे बहुधा वीस-बावीस अंशांच्या खोलीतले असतात. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, वरच्या मजल्यावरच्या खोलीत ४० सहज असतात. प्रोसेसरला ९५ अंशांपर्यंत तापू द्यायचं ठरवलं, तर २२ अंशांच्या खोलीत ७३ अंशांचा फरक मिळतो, ४० अंशांच्या खोलीत फक्त ५५. कूलर किती उष्णता बाहेर टाकेल हे या फरकावर अवलंबून असतं. तिकडे २०० वॉट झेलणारा कूलर इथे १५० वॉटवरच दमतो. मग प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग उतरवतो, आणि जास्तीचे पैसे देऊन घेतलेला वेग ऐन उन्हाळ्यात हाती लागत नाही.

चांगल्या एअर कूलरमधल्या तांब्याच्या नळ्या नुसत्या धातूच्या नसतात. आत थोडंसं पाणी असतं. ते तळाशी वाफ होऊन उष्णता उचलतं, वरच्या पात्यांपाशी पुन्हा पाणी होतं आणि नळीच्या आतल्या सच्छिद्र अस्तरातून खाली येतं. बाष्पीभवनाने उष्णता उचलण्याची ही युक्ती विदर्भात वेगळी शिकवावी लागत नाही. माठ आणि वाळ्याच्या ताट्या तेच करतात. मात्र वाळ्याच्या कूलरच्या तोंडाशी कॅबिनेट ठेवू नका. ओल आणि धूळ मिळून आत चिकट थर बसतो.

प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधली जागाही नीट बघावी. दोन्ही पृष्ठभाग गुळगुळीत दिसतात, पण त्यांत बारीक खाचा असतात आणि त्या खाचांत हवा. तांब्याच्या तुलनेत हवा उष्णता हजारो पटींनी कमी वाहते. म्हणून मधोमध वाटाण्याएवढी थर्मल पेस्ट ठेवायची, ती दाबाने आपोआप पसरते. मी स्वतः एकदा कूलरच्या तळाची पारदर्शक फिल्म काढायची विसरलो होतो. दहा मिनिटांत मशीन बंद पडलं, आणि दोष शोधण्यात अख्खा रविवार गेला.

एसएमपीएसबद्दल एवढंच सांगतो: एकूण गरजेपेक्षा तिसरा हिस्सा जास्त क्षमतेचा, ८० प्लस गोल्ड दर्जाचा घ्या. संगणकात शिरलेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णता होऊन खोलीतच येते. त्यामुळे प्रोसेसरला लगाम घालण्यातही शहाणपण आहे. चिपची वीज वेगाच्या आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. दोन्ही दहा टक्क्यांनी उतरवले तर वेग दहा टक्केच जातो, वीज मात्र सुमारे २७ टक्क्यांनी वाचते.

भाचीच्या नव्या कोटेशनची बेरीज जुन्याएवढीच आली. तुम्हीही मशीन जोडणार असाल तर ते पूर्ण झाल्यावर कॅबिनेटचं झाकण लावा, दुपारी तीन वाजता अर्धा तास रेंडर चालवा आणि तापमान बघा. ९० च्या खाली राहिलं आणि वेग उतरला नाही, तर निवड बरोबर झाली.